कव्हर नक्की कोणाशी बोलतंय?

मागच्या अंकात मी संगीत मासिकांबद्दल लिहिताना एक वाक्य टाकलं होतं, की चांगलं कव्हर सगळ्यांसाठी नसतं, ते एका ठरावीक वाचकाला हाक मारतं. त्यावर भरपूर पत्रं आली. काहींना पटलं, काहींना अजिबात नाही, आणि बऱ्याच जणांनी सरळ विचारलंय की म्हणजे नेमकं काय करतात. त्यातली पाच पत्रं इथे घेतेय.

प्रश्न : ताई, मी मीडियाचा कोर्स करतेय. असाइनमेंट आहे की म्युझिक मॅगझिनचं कव्हर आपल्या टार्गेट ऑडियन्सला कसं खेचतं. मी लिहिलं की रॉकला काळा-लाल, पॉपला गुलाबी-पिवळा, क्लासिकलला क्रीम नाहीतर गडद निळा. सरांनी परत दिलं, म्हणाले फार वरवरचं आहे. मग अजून काय लिहायचं असतं यात? — एक विद्यार्थिनी

उत्तर : अगं, तू लिहिलंयस ते चूक नाहीये, पण रंगापाशीच थांबलीस. रंग हा शेवटी येणारा निर्णय असतो. त्याच्या आधी संपादक आणि डिझायनर हे ठरवून बसलेले असतात की आपला वाचक कोण, त्याचं वय काय, तो गाणी कशी ऐकतो, आणि मुख्य म्हणजे त्याला या अंकातून काय हवंय. तिथून सुरुवात कर, मग रंग आपोआप जागेवर येतील.

उदाहरण घे. केरँग! हे ब्रिटनमधलं हेवी मेटल आणि रॉकचं मासिक 1981 साली साउंड्स नावाच्या साप्ताहिकाची पुरवणी म्हणून सुरू झालं, पहिल्या कव्हरवर एसी/डीसीचा गिटारिस्ट अँगस यंग होता. त्याचा लोगो आठव, अक्षरं काच तडकल्यासारखी फुटलेली. कव्हरवर गर्दी असायची, मोठा फोटो, त्याच्या कडेने छोटे छोटे फोटो, आत फुकट पोस्टर आहेत त्याची जाहिरात, तिरप्या पट्ट्या, उद्गारचिन्हं. मोठ्या माणसाला ते बघून डोकं दुखेल, पण ज्या सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला आपल्या खोलीच्या भिंती पोस्टरने भरायच्या असायच्या त्याला ती गर्दी म्हणजे भरपूर माल वाटायचा, एका अंकात किती काय मिळतंय बघ असं. आणि त्यात बँडची नावं नुसती लिहिलेली असायची, कोण हे लोक, काय वाजवतात, एक शब्द स्पष्टीकरण नाही. ज्याला माहितीये त्याला माहितीये. हे मुद्दाम असतं. नाव वाचून ज्याचे डोळे चमकतात तोच त्यांचा वाचक.

आता मोजो घे. हे ब्रिटिश संगीत मासिक 1993 मध्ये आलं, आणि पहिल्या अंकाच्या कव्हरवर अमेरिकन गायक बॉब डिलन आणि बीटल्स बँडचा जॉन लेनन. आता इथे गंमत बघ, म्हणजे मला हा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा वाटतो म्हणून जरा थांबून सांगते. रोलिंग स्टोन या अमेरिकन मासिकाचा पहिला अंक 9 नोव्हेंबर 1967 चा, आणि त्याच्याही कव्हरवर जॉन लेननच होता, एका सिनेमातल्या सैनिकाच्या वेशात. म्हणजे माणूस तोच, दोन वेगळी मासिकं, दोन्हीचा पहिला अंक, आणि मध्ये 26 वर्षं. 1967 मध्ये लेनन सत्तावीस वर्षांचा होता, त्याचा बँड चालू होता, तो काय करतोय ही ताजी बातमी होती, आणि रोलिंग स्टोनचा वाचक त्याच्याच पिढीतला किंवा थोडा लहान. 1993 मध्ये लेननला जाऊन जवळजवळ तेरा वर्षं झाली होती. मोजो ज्याने उचललं तो बहुतेक तोच 67 चा वाचक, आता चाळिशी ओलांडलेला, किंवा मग जुनं संगीत नव्याने शोधणारा तरुण. त्याला बातमी नकोय, त्याला न ऐकलेल्या गोष्टी, जुने फोटो, त्या रेकॉर्डिंगच्या दिवशी स्टुडिओत नक्की काय झालं हे हवंय. म्हणून मोजोवर जुने संग्रहातले फोटो जास्त दिसतात, अनेकदा ब्लॅक अँड व्हाइट, आणि कव्हरवरच्या ओळी सावकाश वाचाव्या अशा, एखादी लांब कहाणी आत आहे असं सांगणाऱ्या.

म्हणजे चेहऱ्यावरून वाचक ठरत नाही, त्या चेहऱ्याबद्दल कव्हर काय देऊ करतंय त्यावरून ठरतो. हे वाक्य असाइनमेंटमध्ये टाक, आणि खाली दोन्ही कव्हरची तुलना कर.

क्लासिकलबद्दल थोडक्यात. ग्रामोफोन 1923 पासून चालू आहे, कॉम्प्टन मॅकेंझी या लेखकाने काढलेलं. त्याचा वाचक रेकॉर्डिंगचे रिव्ह्यू वाचायला येतो, म्हणून तिथे कलाकाराबरोबर संगीतकाराचं आणि रचनेचं नावही ठळक असतं, कारण त्या वाचकाचा प्रश्न असतो की हीच रचना या माणसाने कशी वाजवलीय. तुझा क्रीम आणि निळा रंग त्या शांतपणाचा भाग आहे, पण एक छोटा भाग.

आणि एक पद्धत सांगते, कुठलंही कव्हर समजून घ्यायला मला हीच सगळ्यात उपयोगी वाटते. एक कव्हर समोर ठेव आणि मनातल्या मनात त्यातली एकच गोष्ट बदल. फोटो तोच ठेवून अक्षरं बदल, किंवा अक्षरं तीच ठेवून तो माणूस हसरा कर. मग विचार की कोण वाचक आता हा अंक उचलणार नाही आणि कोण नवा येईल. जे उत्तर येईल ते लिही, सर परत देणार नाहीत.

प्रश्न : सगळ्या संगीत मासिकांवर तोच तो प्रकार, एक मोठा चेहरा आणि तो आपल्याकडे रोखून बघतोय. कंटाळा येत नाही का डिझायनरांना? गाण्याचं मासिक आहे तर गाणं दिसायला नको? — एक त्रासलेला वाचक

उत्तर : तुमचा त्रास समजतो, पण त्या रोखून बघण्यामागे चांगलं कारण आहे. मासिक स्टॉलवर एकटं नसतं, पन्नास मासिकांच्या मध्ये असतं, आणि माणसाची नजर सगळ्यात आधी दुसऱ्या माणसाच्या डोळ्यांवर जाते, हे आपल्या हातात नाही. शिवाय रॅकमध्ये अंक एकावर एक किंवा एकाशेजारी एक असे अर्धे झाकून ठेवलेले असतात, त्यामुळे फक्त वरची पट्टी नाहीतर डावीकडचा भाग दिसतो. म्हणून नाव वर, महत्त्वाच्या ओळी बऱ्याचदा डावीकडे, आणि डोळे वरच्या अर्ध्या भागात. क्यू मासिक 1986 मध्ये निघालं ते तर एकाच अक्षराचं, लाल चौकोनात पांढरं अक्षर, लांबून कोपरा दिसला तरी ओळखू यावं असं. ते 2020 मध्ये बंद पडलं पण तो लाल चौकोन अजून लोकांना आठवतो.

आता नजर म्हणजे फक्त बघणं नाही. पॉपच्या मासिकावरचा गायक हसून बघतो, मैत्रीचं बघणं. मेटलवाला भुवया आवळून बघतो, त्यातही आमंत्रण असतंच, पण तू आमच्यातला आहेस का असं विचारणारं. जॅझ किंवा प्रायोगिक संगीताच्या मासिकावर कलाकार बऱ्याचदा आपल्याकडे बघतच नाही, वाद्याकडे किंवा कुठेतरी लांब बघतो, कारण त्या वाचकाला कलाकार आपल्या कामात बुडालेला बघायला आवडतो. तुम्ही म्हणता ते गाणं दिसणं म्हणजे हेच असावं बहुतेक. लंडनहून निघणारं द वायर, 1982 पासूनचं, त्याचे अंक चाळून बघा, तिथे कव्हरवर असे कलाकार असतात ज्यांचा चेहरा बहुतेक लोकांनी कधी पाहिलेला नसतो, तरी ते मासिक टिकून आहे, कारण त्याच्या वाचकाला माहीत नसलेलं नाव दिसलं की तो ते उचलतो. बाकीच्या मासिकांच्या बरोबर उलट हिशोब.

फोटोतल्या माणसाच्या डोक्याने मासिकाचं नाव अर्धं झाकलेलं पण पाहिलं असेल तुम्ही. ते नवख्या मासिकाला परवडत नाही. ज्याचं नाव दोन अक्षरांवरून ओळखू येतं त्यालाच ते जमतं.

आणि रोखून न बघता काय ताकद येते ते बघायचं असेल तर रोलिंग स्टोनचा 22 जानेवारी 1981 चा अंक बघा. अ‍ॅनी लीबोविट्झने 8 डिसेंबर 1980 ला जॉन लेनन आणि त्याची बायको योको ओनो यांचा फोटो काढला, लेनन विवस्त्र, योकोला बिलगून, आणि त्याच रात्री लेननची हत्या झाली. मासिकाला खरं तर एकट्या लेननचा फोटो हवा होता, पण त्याने दोघांचाच काढायचा आग्रह धरला. त्या कव्हरवर मासिकाच्या नावाशिवाय एकही मोठी ओळ नाही, आत काय आहे ते सांगायचं त्यांनी टाळलं, कारण वाचकाला सगळं माहीत होतं आणि त्याच्या दुःखात शब्द घुसवायची गरज नव्हती. 2005 मध्ये अमेरिकेतल्या मासिक संपादकांच्या संस्थेने गेल्या 40 वर्षांतलं सर्वोत्तम कव्हर म्हणून हेच निवडलं. मला विचाराल तर वाचकावर एवढा विश्वास टाकलेलं दुसरं कव्हर सापडणं कठीण आहे.

अजून एक, वेगळ्या कारणाने आवडतं ते. एप्रिल 1992 मध्ये निर्वाणा बँड रोलिंग स्टोनच्या कव्हरवर आला तेव्हा बँडचा गायक कर्ट कोबेनने टीशर्ट घातला होता, त्यावर हाताने लिहिलेलं की कॉर्पोरेट मासिकं अजूनही भंगार आहेत. आणि मासिकाने तो फोटो तसाच छापला. त्या बँडचा चाहता मोठ्या मासिकांवर भरवसा ठेवणारा नव्हताच, त्याला अंक घ्यायला लावायचा तर त्याच्या मनातला राग कव्हरवर यायलाच हवा होता. सुटाबुटातला, नीट केस विंचरलेला कोबेन त्या वाचकाने बघितलाही नसता.

प्रश्न : मी स्वतः ड्रम वाजवते. कव्हरवर पुरुष असला की हातात गिटार, घाम, स्टेज. बाई असली की केस उडतायत, कपडे कमी, वाद्य गायब. हे टार्गेट ऑडियन्सच्या नावाखाली किती दिवस चालणार? — एक ड्रमर

उत्तर : तुमचा राग शंभर टक्के बरोबर आहे आणि टार्गेट ऑडियन्स हे यात बऱ्याचदा निमित्त म्हणून वापरलं जातं. हिशोब असा लावला जातो की रॉकचे वाचक मुख्यतः पुरुष, मग त्यांना जे बघायला आवडेल ते दाखवा. पण यात दोन घोळ आहेत. एक तर जी मुलगी ते संगीत ऐकते, वाजवते, तिला कव्हर सांगतं की हे मासिक तुझ्यासाठी नाही, आणि मग ती घेत नाही, आणि मग पुढच्या वर्षी परत तेच म्हणायचं की बघा आमच्या वाचक बायका नाहीतच. हे चक्र मासिकाने स्वतः तयार केलेलं असतं. दुसरं म्हणजे पुरुष वाचकालाही कमी लेखलंय यात, ज्याला ड्रम कळतात त्याला तुमचा हात स्टिकवर कसा आहे ते बघायचंच असतं.

क्लासिकलमध्येही हे आहे बरं का, फक्त कपड्यांचा प्रकार वेगळा, व्हायोलिन हातात दिलेलं असतं पण शोभेला धरल्यासारखं. मी तरी कव्हर बघताना एकच बघते, की या फोटोतून ही बाई काय करते ते कळतंय का. नाव झाकलं तरी कळलं पाहिजे की ही वाजवणारी आहे. तुमच्यासारख्यांनी संपादकांना पत्रं लिहावीत असं मनापासून वाटतं, कारण कव्हरबद्दल आलेली पत्रं संपादक वाचतातच.

प्रश्न : आता सगळे फोनवर गाणी ऐकतात आणि बातम्याही फोनवरच. मग कव्हरला अर्थ काय राहिला? — एक कॉलेजवयीन वाचक

उत्तर : अर्थ बदलला. एनएमईचं बघ, 1952 पासूनचं ब्रिटिश साप्ताहिक, पैसे देऊन घ्यायचं, आणि कित्येक वर्षं गिटार बँडवाल्या मुलांचं म्हणून ओळखलं जाणारं. खप घटत गेला आणि सप्टेंबर 2015 मध्ये त्यांनी ते फुकट वाटायला सुरुवात केली, तीन लाखांच्या आसपास प्रती, स्टेशनवर, दुकानांत, कॉलेजात. फुकटच्या पहिल्या अंकावर कोण होतं? पॉप गायिका रिहाना. का ते उघड आहे. आधी त्यांना असा वाचक हवा होता जो दर आठवड्याला खिशात हात घालेल, म्हणून त्याला ओळखीचे आणि बाहेरच्यांना अनोळखी असे बँड कव्हरवर चालायचे. फुकट झाल्यावर घाईत जाणाऱ्या कुठल्याही माणसाने ते हातात घ्यायला हवं, कारण आता कमाई जाहिरातदाराकडून होती. मग चेहरा सगळ्यांना ओळखू येणारा लागतो. जुने वाचक नाराज झाले, आणि त्यांची नाराजी मला पटते, कारण कव्हरने त्यांच्याशी बोलणं बंद केलं होतं. मार्च 2018 मध्ये छापील साप्ताहिक बंदच झालं.

आज छापील अंक जे घेतात ते बरेचसे जपून ठेवायला घेतात. म्हणून एकाच अंकाची चार-पाच वेगवेगळी कव्हर निघतात, ग्रुपमधल्या प्रत्येकाचं वेगळं, आणि चाहते सगळी जमवतात. काही मासिकं वर्गणीदारांना वेगळं कव्हर पाठवतात ज्यावर ओळी जवळजवळ नसतात, नुसता फोटो आणि नाव, कारण वर्गणीदाराला पटवायचं राहिलेलंच नाही, त्याने पैसे आधीच भरलेत. तुला शक्य असेल तर एकाच अंकाची ती दोन्ही कव्हर शेजारी ठेवून बघ, स्टॉलवरचं किती आरडाओरडा करतंय ते लगेच दिसेल.

कव्हरबरोबर मिळणाऱ्या सीडीबद्दलही दोघांनी विचारलंय म्हणून इथेच सांगते, ती सीडी हाही डिझाइनचाच भाग. बीबीसी म्युझिक मॅगझिनने 1992 पासून अनेक वर्षं सीडी दिल्या आणि मोजोनेही दिल्या, ज्याच्या घरी अजून सीडी प्लेयर आहे असा वाचक त्यातून बरोबर सापडतो.

प्रश्न : आम्ही चार मित्र मिळून आमच्या आवडीच्या संगीतावर छोटं मासिक काढतोय, आधी झेरॉक्सवर. चांगला कॅमेरा नाही, डिझायनर नाही. कव्हर कसं करावं? — चौघे

उत्तर : वा, काढाच. आणि कॅमेरा नाही याचं अजिबात वाईट वाटून घेऊ नका. 1976 मध्ये लंडनमध्ये मार्क पेरी नावाच्या एका बँक क्लार्कने स्निफिन ग्लू नावाचं पंक संगीताचं, म्हणजे मुद्दाम खडबडीत ठेवलेल्या बंडखोर रॉकचं, छोटं मासिक काढलं, टाइपरायटरवर मजकूर, जाड पेनने हाताने लिहिलेले मथळे, झेरॉक्स प्रती. पहिल्या अंकाच्या 50 च्या आसपास प्रती होत्या, वर्षभरात हजारोंवर गेल्या. ते हाताने लिहिलेलं नाव बघून पंक ऐकणाऱ्या पोराला कळायचं की हे माझ्यासारख्याच कोणीतरी घरात बसून केलंय, कंपनीने नाही. गुळगुळीत कागदावर तेच छापलं असतं तर खोटं वाटलं असतं. म्हणजे तुमच्याकडे जे नाही तेच तुमच्या वाचकाला तुमच्याजवळ आणू शकतं, फक्त तुमचं संगीत त्या जातीचं हवं. तुम्ही जर अतिशय नाजूक, बारीक कलाकुसरीच्या संगीतावर लिहिणार असाल तर फाटके कागद आणि वेडीवाकडी अक्षरं उधार आणू नका, मग पांढरी जागा भरपूर सोडा, एकच छोटं रेखाचित्र, बास.

लोकांना आता डेव्हिड कार्सनसारखं करायचं असतं, म्हणून त्याबद्दल बोलते. तो 1992 पासून रे गन नावाच्या अमेरिकन संगीत मासिकाचा आर्ट डायरेक्टर होता, अक्षरं एकमेकांवर चढलेली, मासिकाचं नावसुद्धा वेगवेगळ्या अंकांत वेगळ्या रूपात. एकदा तर त्याला एक मुलाखत इतकी कंटाळवाणी वाटली की ती त्याने सगळी चिन्हांच्या फॉन्टमध्ये छापली, वाचताच येणार नाही अशी. ते सुंदर होतं आणि त्याच्या वाचकाला, म्हणजे चाकोरीबाहेरचं, वेगळं संगीत ऐकणाऱ्याला, ते कोडं सोडवायला आवडायचं. पण तुमचं मासिक अजून कोणाला माहीतच नाही, तेव्हा निदान पहिले पाच-सहा अंक नाव वाचता येऊ द्या आणि दर अंकाला एकाच जागी, एकाच अक्षरात ठेवा.

बाकी चौघांनी बसून आधी एक माणूस ठरवा, खराखुरा, तुमच्या ओळखीतला, ज्याने हे वाचावं असं चौघांनाही वाटतं. कव्हरवर तीनपेक्षा जास्त ओळी नकोत. त्या ओळीत आत काय आहे ते ठोस सांगा, खास मुलाखत असं लिहू नका, कोणाची आणि कशाबद्दल ते लिहा. फोटो मिळालाच तर एकाचाच, जवळून, आणि झेरॉक्सवर काळं-पांढरं होणार हे धरून आधी एक प्रत काढून बघा, कारण करडे भाग सगळे चिखल होऊन जातात, त्यापेक्षा कडक सावल्या असलेला फोटो निवडा. प्रत भिंतीला टेकवून सात-आठ पावलं मागे जा, नाव वाचता आलं पाहिजे. मग तिचाच फोटो काढून फोनवर नखाएवढा करून बघा, कारण तुमचा अंक मित्रमंडळींत फिरणार तो आधी तसाच फिरणार. दोन्हीकडे नाव आणि चेहरा कळत असेल तर तो ठरवलेला माणूस गाठा, काही न बोलता त्याच्या हातात द्या, आणि तो आधी कुठली ओळ वाचतो तेवढं बघा. ती ओळ पुढच्या अंकात मोठी करा.